समुद्राकडचं पाचवं घर

“दोन उत्तरं आली म्हणून हुरळून जाऊ नकोस, लोसा. दोन्ही मुळात, पहिल्या समीकरणात, घालून बघ. खोटं उत्तरही खऱ्याइतकंच नीटनेटकं दिसतं.”

कालोलाइने बाई देवाघरी गेल्या त्याला आता बराच काळ लोटला होता. पण त्यांच्या जागी दहावीला बीजगणित शिकवायला उभी राहिली की लोसालिनेला त्यांचा तो संथ, जरासा घोगरा आवाज हमखास ऐकू यायचा. पहाटेची घंटा, प्रार्थना, मग शाळा आणि शाळेत बाईंचा आवाज – असा तिचा रोजचा नेमच होऊन गेला होता.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर ती छत्री विसरली म्हणून वर्गात परत आली. बेटावरच्या नेइआफू गावाच्या खाडीवर दुपारपासून भुरभुर लागली होती आणि पत्र्यावर तिचा इतका हलका आवाज येत होता, की कोणी तांदूळ निवडत बसलंय असं वाटावं. दिवसभर तिने केवल मूल्याची गणितं तपासली होती. डोळे मिटले तरी त्या दोन उभ्या रेघाच समोर यायच्या. आणि फळ्याकडे बघते तर पुन्हा तेच –

| ५ – ३ | ७ – ४ | ३ – ८ |

नुसती गणितं मांडून पोरं पळाली होती. एकाचंही उत्तर नाही. लोसालिनेने लाल खडू उचलला, खाली दोन, तीन आणि पाच अशी उत्तरं लिहिली, आणि राहवेना म्हणून शेजारी टपोऱ्या अक्षरांत शेरा मारला : काम अर्धवट टाकू नये.

“बाई...” दारातून आवाज आला. “माझ्या गाण्याचं काय चुकलं?”

तिने वळून पाहिलं. दारात एक उंच माणूस भिजून उभा होता. काखेत कोरडा राहावा म्हणून शर्टात गुंडाळलेला ट्रम्बोन, आणि त्याच्यामागे आठवी-नववीची दहाबारा पोरं, सगळी तोंडावर हात दाबून.

लोसालिनेने पुन्हा फळ्याकडे बघितलं. आणि तिच्या हातातला खडू खाली पडला.

ते गाणं होतं. तीन म्हणजे सा, चार म्हणजे रे – ज्या आकड्यांवरून ती सहा वर्षांची असल्यापासून चर्चमध्ये गात आली होती, ते आकडे. आणि मधल्या रेघा म्हणजे ताल तोडणाऱ्या रेघा. मोठ्या उपासनेचं गीत तिने सोडवून टाकलं होतं.

“मी...” ती म्हणाली. “मी पुसते.”

“राहू द्या की,” तो म्हणाला. “फक्त एक अडचण आहे. आपल्या सुरांत दोन नसतो, बाई. तीनपासून सुरू होतात. तुमचा हा दोन गायचा कसा, तेवढं सांगा.”

मागची पोरं फुटली. लोसालिने छत्री न घेताच घरी गेली.

*

त्याचं नाव सेमिसी. हुंगा बेटावरचा, शाळेत गायन शिकवायला नवा आलेला. दुसऱ्या दिवशी तिची छत्री तिच्या टेबलावर नीट गुंडाळून ठेवलेली होती, आणि फळ्यावरचा लाल शेरा तसाच होता. कोणी पुसला नव्हता.

“तुमच्या वर्गातला फळा मी वापरला, चूक माझी,” मधल्या सुट्टीत तो म्हणाला. “दंड म्हणून मला तुमच्या रेघा शिकवा.”

“मास्तर, पोरांना शिकवून घसा बसतो माझा.”

“मी हळू ऐकतो.”

ती हसली नाही. हसू येतंय हे कळू नये म्हणून खिडकीबाहेर बघू लागली.

“रेघांच्या आत काय आहे, उणे की अधिक, ते रेघांना दिसत नाही,” तिने सांगितलं. “त्यांना फक्त अंतर कळतं. किती लांब, एवढंच. कुठल्या बाजूला ते नाही.”

“म्हणजे मी म्हटलं, चर्चपासून पाचव्या घरात राहतो –”

“तर मला दोन उत्तरं मिळतील. डोंगराकडचं पाचवं, नाहीतर समुद्राकडचं पाचवं.”

“आणि खरं कुठलं ते कसं कळायचं?”

“घालून बघायचं. डोंगराकडच्या पाचव्या ठिकाणी पाद्रीसाहेबांची डुकरं आहेत.” ती थांबली. “तशी मला दोन्ही उत्तरं पटतात.”

सेमिसी इतक्या मोठ्याने हसला, की मुख्याध्यापिकाबाईंनी खोलीतून डोकं बाहेर काढलं.

“मग या एकदा बघायला,” तो म्हणाला, आवाज अगदी खाली आणून. “घालून बघा.”

“एकट्या मुलीने असं कोणाच्या दारात जायचं नसतं.”

“तुमच्या आत्यांना घेऊन या. पण याल ना?”

पत्र्यावर पुन्हा तांदूळ निवडणं सुरू झालं होतं. लोसालिनेने छत्रीची मूठ घट्ट धरली.

“येईन,” ती म्हणाली. “वचन.”

म्हणून गेली, आणि तिची तीच दचकली. दिलेला शब्द मोडायचा नाही, हे व्रत तिने लहानपणी आत्याच्या मांडीवर बसून घेतलं होतं. रोज पहाटे ती देवासमोर आदल्या दिवशीचे शब्द आठवून बघायची, कुठला राहिला का ते. आता त्यात हा एक येऊन बसला. रोज पहाटे ती तो आठवायची. इतर शब्दांपेक्षा जरा जास्त वेळ.

*

चर्चच्या वार्षिक सभेसाठी गायकवृंद राजधानीला निघायचा होता. त्याआधी शनिवारी दुपारी चर्चमागच्या छपरात कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं पेय, घोळायचं ठरलं. पुरुषांच्या त्या बैठकीत लग्न न झालेली एक मुलगी कावा घोळून वाट्या देते, आणि बसलेल्यांनी तिची गोड थट्टा करायची असते. त्या थट्टेतच कितीजणांची लग्नं जुळलेली. या खेपेला लोसालिनेने बसावं असा निरोप पाद्रीसाहेबांच्या बायकोकरवी आला. कोणाकडून आला ते तिने विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

घरी विचारायला कोणी नव्हतं. आई-वडील केव्हाच गेलेले. वाढवणारी पेती आत्या एका लग्नाच्या चटया पोचवायला दक्षिणेला गेलेली.

“हिचा कोणी भाऊ नाही ना बसलेला?” रीतीप्रमाणे आधी कोणीतरी विचारलं. माना हलल्या. कोणी नाही. मग ती मोठ्या लाकडी परातीमागे पाय दुमडून बसली.

“बाई, माझी वाटी अर्धीच,” ढोलवाला म्हणाला. “काम अर्धवट टाकू नये.”

सगळं छप्पर हसलं. म्हणजे गावभर झालं होतं.

“दोन वाट्या मागू नकोस तिच्याकडे,” दुसऱ्याने टोला दिला. “दोन आपल्यात नसतो.”

“मास्तर गप्प कसे आज? घसा बसला का?”

सेमिसीने वाटी दोन्ही हातांनी घेतली. नारळाच्या करवंटीवर त्याची बोटं क्षणभर तिच्या बोटांजवळ थांबली – लागली नाहीत, नुसती थांबली.

“मी गप्प नाही,” तो म्हणाला. “शब्द जुळवतोय. पेती आत्या परत आल्या, की त्यांच्या दारात जाऊन बसणार आहे मी. त्यांनी हाकललं तरी बसणार. तुम्हा सगळ्यांसमोर सांगतो, म्हणजे नंतर मला पळता येणार नाही.”

कोणी टाळी वाजवली. कोणी सूर धरला. लोसालिनेने परातीतल्या मातकट पाण्याकडे मान घातली, तर त्यातही तिचा चेहरा हसताना दिसत होता...

तेवढ्यात फिलिमोने काका आले. गावातले सर्वांत जुने, काठी टेकत, कोपरापर्यंत भिजलेले. त्यांना वरची जागा दिली. पहिला घोट घेऊन त्यांनी सेमिसीकडे निरखून पाहिलं.

“हुंगाचा ना रे तू? आई कोणाची?”

“तोआकासेची मुलगी, काका.”

काकांची वाटी ओठांपाशी थांबली.

“तोआकासे? इथल्या थोरल्या घरातली?”

“हो... आजी लहानपणी नेइआफूलाच होती म्हणतात. मला ती नीट आठवत नाही.”

“मी पाहिलीय. त्याच अंगणात खेळलोय.” काकांनी वाटी खाली ठेवली. फार हळू, जणू तीच फुटेल. “आणि ही पोरगी कुठल्या घरची, ठाऊक आहे तुला? त्याच घरची. तोआकासे हिच्या आजोबांची बहीण. बाळा, तू बहिणीसमोर बसलायस.”

सूर तुटला. ढोलवाल्याचा हात हवेतच राहिला.

आपल्याकडे आते-मामे-चुलत, कितीही लांबचा असो, भाऊ तो भाऊच. भाऊ-बहीण एका छपराखाली थट्टेचा शब्द ऐकत नाहीत. आणि इथे तर – लोसालिनेला आपले हात दिसत होते, परातीच्या काठावर. ते तिचे वाटेनात.

सेमिसीचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने वाटी पालथी घातली. तिच्याकडे न बघता, मान खाली घालून, मागच्या मागे सरकत तो छपराच्या कडेपर्यंत गेला आणि पावसात उतरला. त्याची चप्पल छपरातच राहिली.

*

रविवारी गायकवृंदापुढे दुसराच कोणी उभा होता. रस्त्यात सेमिसी लांबून दिसला की पलीकडे व्हायचा. तो राग नव्हता, मान होता. बहिणीला द्यायचा तो. लोसालिनेला तो मान सोसवेना. पहाटे प्रार्थनेला बसली, की आदल्या दिवसांचे शब्द आठवताना ते एक वचन समोर यायचं, आणि ती त्याच्यावरून घाईने पुढे जायची. देवाकडे काय मागावं तेच सुचत नव्हतं. भाऊ मिळाला म्हणून आभार मानायचे?

बुधवारी आत्या परतली. लोसालिने काही बोलली नाही. कोणत्या तोंडाने सांगणार – तू नसताना मी भावासमोर बसून हसले?

गुरुवारी सकाळी मुख्याध्यापिकाबाई हजेरीपट मिटता मिटता म्हणाल्या, “गायनाचे मास्तर चालले उद्याच्या बोटीने. स्वतःच्या बेटावर बदली मागितलीय. म्हणतात, मी इथे राहिलो तर लोक बाईंना बोलत राहतील.”

लोसालिने वर्गात गेली. फळ्याच्या कोपऱ्यात तो लाल शेरा अजून होता. तिने त्याच्याकडे पाठ केली आणि गणित लिहिलं :

| क्ष + १ | = २क्ष – ४

रेघा काढून टाकल्या, की दोन वाटा. एका वाटेने क्ष पाच आला. दुसऱ्या वाटेने एक. दोन्ही स्वच्छ, एकही अपूर्णांक नाही. मुली उत्तरं उतरवून घ्यायला लागल्या.

“थांबा,” ती सवयीने म्हणाली. “मुळात घालून बघा.”

पाच घातला. डावीकडे सहा, उजवीकडे सहा. बसला.

एक घातला. डावीकडे दोन. उजवीकडे... तिचा खडू अडला. उजवीकडे उणे दोन.

“बाई, असं कसं?” पहिल्या बाकावरच्या सेलाने विचारलं. “आपण कुठे चुकलो नाही. मग हे खोटं कसं आलं?”

“चूक नसते गं,” लोसालिने म्हणाली. “रेघांना बाजू दिसत नाही ना. त्यांना नुसतं अंतर कळतं, म्हणून दोन्ही उत्तरं दारात येऊन उभी राहतात. खरं कुठलं ते मुळात घातल्यावरच –”

ती बोलायची थांबली. सेला वाट बघत राहिली.

तोआकासे त्या घरातली. एवढंच काकांनी पाहिलं होतं. तेवढंच अंतर. पण घरातली म्हणजे – घरात जन्मलेली, की बाहेरून घरात राहायला आलेली? अंगणात खेळणाऱ्या सात वर्षांच्या पोराला दोन्ही सारखीच दिसणार. आणि पाच दिवसांत कोणीही, तिने स्वतःनेसुद्धा, ते उत्तर मुळात घालून बघितलं नव्हतं.

*

आत्या पडवीत पाय पसरून चटई विणत होती. लोसालिने समोर बसली. कसं विचारावं ते वाटेत दहादा जुळवलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं.

“आत्या, आजोबा वारले तेव्हा डोक्याशी कोण बसलं होतं?”

आत्याने मान वर केली नाही. “डोक्याशी बहीणच बसते. फाने आत्या. दुसरी कोण बसणार?”

“आणि दुसरी बहीण?”

“बाबांना एकच बहीण होती.” आता तिचे हात थांबले. “हे काय मध्येच?”

“हुंगाची तोआकासे आजी. ती आली होती का तेव्हा?”

“आली होती की. बेटाच्या लोकांबरोबर, फणसाखाली बसली. पाहुण्यांच्या पानावर जेवली, संध्याकाळच्या होडीने गेली. तुला खडीसाखर दिली होती तिने, तू रडत होतीस म्हणून.”

“मयताला कंबरेला गुंडाळतात ती चटई कुठली होती तिच्या?”

“साधी. नात्यातल्यांची नव्हे, पाहुण्यांची असते तशी.” आत्याने तिच्याकडे आता नीट पाहिलं. “लोसा, बाबांची बहीण असती तर मयताला आलेल्या सगळ्या उंची चटया तिच्या घरी गेल्या असत्या. त्यातल्या निम्म्या मी विणलेल्या. माझ्या हातची एक जरी हुंगाला गेली असती, तरी मी विसरले असते का?”

लोसालिनेच्या कानात काहीतरी गुणगुणत होतं. पावसाचा आवाज होता की रक्ताचा, कळेना.

“मग ती आपल्या घरात...”

“शाळेसाठी राहिली होती. त्यांच्या बेटावर तेव्हा शाळा कुठे होती? दर सोमवारी हुंगाहून तिचे वडील होडीभर सुरण आणून टाकायचे. गुणी होती, आजोबांना दादा म्हणायची. म्हटल्याने कोणी बहीण होतं का? कोण म्हणतं होती म्हणून?”

“फिलिमोने काका.”

“फिलिमोने,” आत्या म्हणाली, आणि तिने चटई बाजूला सारली. “तो तेव्हा शेंबूड पुसायचा. आमच्या चुलीशी जेवणारं प्रत्येक पोर त्याला आमचंच वाटायचं. मी गावात नाही तोवर हा माझ्या घराच्या बहिणी वाढवतोय. कोणासमोर बोलला हे?”

मग सगळं सांगावं लागलं. फळा, छत्री, कावा, पालथी घातलेली वाटी. लोसालिने जमिनीकडे बघून सांगत होती. शेवटी उद्याची बोट सांगितली.

“सुरात गातो का?” आत्याने विचारलं.

“...हो.”

“आणि माझ्या दारात बसणार होता म्हणालीस. हाकललं तरी.”

“हो.”

“मग न हाकलताच बोटीत कसा बसतो?” आत्या भिंतीला धरून उठली. पेटी उघडली. तळातून बारीक विणीची, मधासारख्या रंगाची चटई काढली – सणाची, एकदाही न वापरलेली – आणि लोसालिनेच्या कंबरेला गुंडाळायला लागली. “हात वर कर. श्वास सोड. फिलिमोनेला मी बघते, त्याचं घर वाटेतच आहे. सगळ्या छपरासमोर बोललाय, तर सगळ्या छपरासमोर परत घेईल. तू पुढे हो, माझे गुडघे हळू चालतात. त्याच्या फाटकाशी उभी राहा, मी येईपर्यंत आत पाऊल टाकू नकोस.”

“आत्या, तो काय म्हणेल –”

“ते त्याला म्हणू दे. तुझा काही शब्द राहिलाय का त्याच्याकडे?”

लोसालिनेने मान डोलावली. गाठ बसली होती. आत्याने ती एकदा ओढून बघितली.

“मग जा.”

भुरभुर तशीच होती. छत्री हातात होती, पण उघडायची राहून गेली. चर्चच्या फाटकाशी येऊन ती क्षणभर थांबली. एका बाजूला रस्ता डोंगराकडे चढत होता, पाद्रीसाहेबांची डुकरं कुरकुरत होती. दुसऱ्या बाजूला तो खाली उतरत होता, ओल्या केळींमधून, जिथे खाडीचं पाणी राखाडी चमकत होतं आणि धक्क्याला उद्याची बोट लागली होती. कुठूनतरी ट्रम्बोनचा एकच सूर लांबवर आला आणि अर्ध्यावर थांबला.

तिच्या अंगठ्याला अजून लाल खडू लागलेला होता. तिने तो पुसला नाही. ती समुद्राकडे वळली, आणि हळूच, कोणाला ऐकू जाणार नाही असं, घरं मोजायला लागली.